वाचकांचे प्रश्न : एडिट टेबलाची वाट

चित्रपट आणि मालिकांच्या संकलनात शिरायचं कसं, याबद्दल प्रश्न मागवले होते. या वेळी गठ्ठा इंदूरचाच जाड निघाला. निम्म्या पत्रांत ‘कोणतं सॉफ्टवेअर शिकू?’ एवढंच विचारलं आहे. त्याचं उत्तर दोन ओळींत संपतं, म्हणून ते आधीच देतो. प्रीमियर प्रो किंवा दा विंची रिझॉल्व यांतलं एक नीट शिका. रिझॉल्वची मोफत आवृत्ती शिकण्यापुरती भरपूर आहे. चित्रपट आणि मोठ्या मालिकांच्या एडिटमध्ये जायचं असेल, तर पाठोपाठ अ‍ॅव्हिड मीडिया कंपोजर शिका. बटणं तीन महिन्यांत हाताखाली येतात. खरी मेहनत कुठे लागते, ते पुढच्या उत्तरांत आहे. उत्तरं संकलन आणि ध्वनी या दोन्ही विभागांत काम करणाऱ्या मंडळींनी दिली आहेत.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. मुंबईत थेट एडिटर म्हणून काम मिळेल का? असिस्टंटला तिथे नेमकं काय करावं लागतं? मामा म्हणतात, नुसता चहा आणायला लावतात. (सुदामानगर)

मामांना सांगा, चहाला वेगळा माणूस असतो. असिस्टंटच्या हातात त्याहून फार महाग वस्तू असते, ती म्हणजे दिवसभराच्या शूटिंगची कार्डं.

थेट एडिटर म्हणून काम मिळणार नाही. कटिंग वाईट आहे म्हणून नव्हे. चाळीस दिवसांचं शूटिंग एका माणसाच्या हवाली करताना त्याच्या हातून काही हरवणार नाही, याची खात्री निर्मात्याला आधी लागते, आणि ती असिस्टंटच्या टेबलावरच पटते.

काम असं चालतं. रात्री युनिटकडून कार्डं येतात. लॉकचं बटण असेल तर ते आधी सरकवायचं, म्हणजे चुकून काही पुसलं जात नाही. मग दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करायची, तीही चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ताडून बघणाऱ्या प्रोग्रॅमने. माउसने ओढून टाकलेली कॉपी शेवटच्या बाइटपर्यंत बरोबर उतरली का, हे कोणी तपासत नाही. फाइल दिसते, वाजते आणि नेमक्या ओके टेकच्या मधोमध फुटते. क्लिपची संख्या आणि एकूण जीबी कॅमेरा शीटशी जुळले, दोन्ही प्रती तपासून झाल्या, की मगच ‘कार्ड रिकामं करा’ असा निरोप द्यायचा. हा निरोप घाईत देणाऱ्याला पुन्हा फोन येत नाही.

कॅमेऱ्याने दिलेलं फाइलचं नाव कधीही बदलू नका. नवशिक्यांची ही सगळ्यांत महागडी चूक. ‘सीन ५ टेक २’ असं नाव वाचायला सोपं वाटतं. पण सहा महिन्यांनी डीआयला, म्हणजे रंगकामाला, मूळ फाइल शोधताना रीलचं नाव आणि टाइमकोड एवढेच दोन धागे हातात असतात. त्यातला एक तुम्ही तोडलेला असतो. नाव द्यायचंच असेल तर प्रोजेक्टमधल्या क्लिपला द्या, ड्राइव्हवरच्या फाइलला नको.

पुढची पायरी प्रॉक्सीची, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रतीची. डीएनएक्सएचडी ३६ या प्रकारात सेकंदाला २५ फ्रेमची एचडी प्रॉक्सी तासाला साधारण १६ जीबी जागा घेते. तेच फोरके प्रोरेस ४२२ एचक्यू असेल, तर तासाला ३३० जीबीच्या आसपास. हा फरक पाहिला की प्रॉक्सी कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही. मग सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवणं. क्लॅपच्या दोन पट्ट्या जिथे पहिल्यांदा टेकतात ती फ्रेम आणि आवाजातला ‘टक्’ जुळवायचा. टाइमकोडने आपोआप जुळलं असेल तरी दर टेकला क्लॅपवर नजर टाका. २४ फ्रेमच्या चित्रपटात एक फ्रेम म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद. आवाज ओठांच्या मागे पडला तर एक वेळ चालून जातं, आधी आला तर लगेच खटकतं; कारण आवाज प्रकाशाच्या मागून पोहोचतो, याची कानाला जन्मापासून सवय असते. शेवटी लाइनअप : सीनवार बिन (प्रोजेक्टमधले कप्पे), सेटवर लिहिलेल्या कंटिन्युइटी शीटप्रमाणे ओके टेक आधी, एनजी म्हणजे चुकलेले टेक मागे. एनजी काढून टाकू नका. संवाद चुकलेल्या टेकमध्येच समोरच्या नटाची नेमकी नजर सापडते आणि एडिटर तीच मागतो.

लग्नांच्या कामातून तुमच्या गाठीला चांगल्या गोष्टी आहेत. सात-आठ तासांचं फुटेज चाळणं, तीन कॅमेरे सांभाळणं, मुदतीत देणं. सोडायची सवय एकच : गाण्याच्या ठेक्यावर कट मारणं. संवादाच्या सीनमध्ये ठेका बोलण्याचा असतो, आणि बऱ्याचदा ऐकणाऱ्याचा. शहरातल्या एखाद्या नाट्यमंडळातले दोन कलाकार गाठा, तीन-चार मिनिटांचा प्रवेश दोन-तीन कोनांतून टिपा आणि तो तीनदा एडिट करा. पहिल्यांदा बोलणाऱ्याच्या तोंडावर. दुसऱ्यांदा शक्य तितका ऐकणाऱ्याच्या तोंडावर, आवाज चित्राच्या आधी किंवा नंतर सरकवून. तिसऱ्यांदा अर्थ न गमावता मिनिटभर कमी करून. मुलाखतीला जाताना लग्नांच्या दहा झलकांऐवजी हे तीन कट न्या. बघणाऱ्याला तुमचा विचार दिसेल.

सुरुवात मालिकेत की चित्रपटात? आमचं मत, आधी मालिका. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता २१-२२ मिनिटं उरतात, आणि दिवसा शूट झालेलं रात्री कापावं लागतं. वर्षभरात हात इतका बसतो, की चित्रपटाच्या संथ टेबलावर तेवढ्याला तीन वर्षं लागतील. मात्र दोन वर्षांहून जास्त तिथे रेंगाळू नका. प्रत्येक वाक्यावर तीन चेहरे दाखवायची खोड मग जाता जात नाही.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, तिला संकलनच शिकायचं आहे. तिचे बाबा म्हणतात, आधी ग्रॅज्युएशन. एक खासगी संस्था लाखांत फी सांगते. आणि हे रात्री-बेरात्रीचं काम मुलींना झेपतं का? (रामबाग)

बाबा बरोबर आहेत, आणि त्याला व्यावहारिक कारण आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधल्या तीन वर्षांच्या संकलन अभ्यासक्रमाला पदवी लागते. शाखा कोणतीही चालते. ही संस्था १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. कोलकात्याची सत्यजित राय संस्था १९९५ची, तिथेही संकलनाचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात टेलिव्हिजन विभागाचा एक वर्षाचा व्हिडिओ एडिटिंगचा अभ्यासक्रमही आहे. घरच्यांना तीन वर्षं फार वाटत असतील तर तो विचारात घ्या. जागा दोन्हीकडे मोजक्या असतात. तोपर्यंत इंदूरमध्ये वेळ वाया जायचं कारण नाही. देवी अहिल्या विश्वविद्यालयात पत्रकारिता व जनसंचार विभाग आहे, शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारं मल्टिमीडिया केंद्रही आहे.

खासगी संस्थेत पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. एका मशीनवर किती मुलं बसतात? एडिट करायला दुसऱ्यांनी शूट केलेले कच्चे रशेस, वेगळ्या रेकॉर्ड केलेल्या आवाजासह मिळतात, की इंटरनेटवरून उतरवलेले तुकडे? ध्वनी कोण शिकवतं? मागच्या तुकडीच्या पदविका फिल्म बघायला मिळतील का? चौथ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.

झेपतं का, तर पुण्याच्या त्याच संस्थेतून शिकलेल्या रेणू सलुजा यांना ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ आणि ‘गॉडमदर’ या चित्रपटांच्या संकलनासाठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. रात्रीच्या शिफ्टची काळजी मात्र खरी आहे. घरी सोडायची गाडी कोण देणार, हे काम घेतानाच लेखी ठरवायला लेकीला शिकवा. मुलगा असता तरी आम्ही हेच सांगितलं असतं.

प्रश्न : आमच्या मंडळाचं दोन तासांचं नाटक दोन कॅमेरे आणि एका मोबाइलवर टिपलं, आवाज स्टेजजवळ वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. पहिल्या प्रवेशात सगळं जुळतं, दुसऱ्या अंकात ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. कुठे चुकलं? (मल्हारगंज)

आधी मोजा, मग दुरुस्त करा. सुरुवात जुळवून घ्या आणि अगदी शेवटी, टाळ्यांपाशी, किती फ्रेमचा फरक पडतो ते बघा. नंतर मध्यावर बघा. फरक संथपणे, सारखा वाढत गेला असेल तर घड्याळांचा दोष. एकदम उडी मारून वाढला असेल तर फाइलचा सांधा. मागेपुढे हेलकावत असेल तर मोबाइल.

कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या आतली घड्याळं किंचित वेगळी चालतात. दर दहा लाखांत ५० चा फरक असला, तरी दोन तासांत ०.३६ सेकंद होतात. २५ फ्रेमच्या हिशोबाने नऊ फ्रेम. यासाठी आवाज ताणत बसू नका. दोन तासांत नऊ शांत जागा शोधा, प्रवेशबदल, अंधार, लांबलेला हशा, आणि तिथे आवाज कापून एकेक फ्रेम सरकवा. कोणाच्या बापाला कळणार नाही. फरक तासाला साडेतीन सेकंदांहून थोडा अधिक, म्हणजे ३.६ निघाला, तर मात्र घड्याळ निर्दोष आहे, कुठेतरी २९.९७ फ्रेमची फाइल ३० समजून वाचली जाते आहे. क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन फ्रेमरेट दुरुस्त केला की एका फटक्यात जुळेल.

मोबाइल उजेड कमी-जास्त झाला की फ्रेमरेट स्वतःच बदलतो. त्याची फाइल टाइमलाइनवर टाकण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून नव्याने काढा. कॅमेऱ्याच्या कार्डावर लांब रेकॉर्डिंगचे ४ जीबीचे तुकडे पडलेले असू शकतात. त्यांतले फक्त व्हिडिओ उचलून आणले तर सांध्यावर काही फ्रेम किंवा आवाज गळतो. कार्डाचा पूर्ण फोल्डर, आतल्या नकोशा वाटणाऱ्या छोट्या फाइलींसकट कॉपी करा आणि प्रोग्रॅमच्या मीडिया ब्राउझरमधून आत घ्या.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सभागृहात मागे, स्टेजपासून १७ मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत तो ५० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. २५ फ्रेममध्ये एक फ्रेम ४० ची. म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या आवाजाशी रेकॉर्डरची लहर (स्क्रीनवर दिसणारा आवाजाचा आलेख) तंतोतंत जुळवली, तर तुम्ही स्वतःच एका फ्रेमहून जास्त चूक घातली. मागच्या कॅमेऱ्याला लहरीवर विसंबू नका, ओठ बघून जुळवा.

पुढच्या प्रयोगाला सगळे कॅमेरे २५ फ्रेम, शटर १/५० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्यांची फडफडही बरीच टळते. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला आणि शेवटी स्टेजवरून एक जोरदार टाळी, आणि मध्यंतरात सगळी यंत्रं बंद करून पुन्हा चालू.

प्रश्न : शीर्षकांत मराठी अक्षरं फुटतात. ‘दिग्दर्शन’मधली वेलांटी उजवीकडे जाते, रफार तुटतो. (तुकोगंज)

प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स भागात टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा, प्रोग्रॅम बंद करून उघडा आणि ओळ नव्याने टाइप करा. तरीही फुटत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधून चिकटवलेला आहे. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा.

खास इंदूरसाठी एक सूचना. श्रेयनामावली हिंदी टंकलेखकाकडून करून घेतली की ‘काळे’ यांचे ‘काले’ होतात आणि ‘कऱ्हाडे’ यांचं काय होईल सांगता येत नाही. प्रत्येकाला आपलं नाव स्वतः मोबाइलवर टाइप करून पाठवायला सांगा आणि तेच उचलून चिकटवा. कागदाचा फोटो घेऊ नका.

प्रश्न : आमचा १८ मिनिटांचा लघुपट पुण्याच्या साउंड डिझायनरने दोनदा परत पाठवला. ‘एएएफ नीट नाही’ एवढंच म्हणतात. (विजयनगर)

ते चिडले असणार, पण चूक बहुधा तुमच्याकडचीच आहे. एएएफ म्हणजे एडिटमधले आवाजाचे तुकडे जागच्या जागी ध्वनीवाल्यांकडे पोचवणारी फाइल. सगळ्यांत आधी : पिक्चर लॉक झालं आहे का, म्हणजे चित्राचा एडिट कायमचा पक्का झाला आहे का? ‘थोडंसंच बदललंय’ हे वाक्य ध्वनीवाल्यांना ऐकवू नये. चौथ्या मिनिटाला एक फ्रेम काढली की पुढची चौदा मिनिटं सरकतात.

लॉक झाल्यावर टाइमलाइनची वेगळी प्रत करा. मल्टिकॅम आणि नेस्ट, म्हणजे एका क्लिपच्या पोटात गुंडाळलेल्या अनेक क्लिपा, सपाट करा. संवाद वेगळ्या ट्रॅकवर, इफेक्ट वेगळ्या, तात्पुरतं संगीत वेगळ्या. आवाजावर लावलेले फिल्टर काढून टाका. एएएफ काढताना प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी निदान पाच सेकंदांचं हँडल, म्हणजे कटच्या पलीकडचा जास्तीचा आवाज, ठेवा. हँडल नसेल तर दोन टेकच्या खोलीतला पंख्याचा आवाज एकमेकांत मुरवायला जागाच राहत नाही. बऱ्याच परत आलेल्या फाइलींचं कारण हेच असतं. ओएमएफ, म्हणजे याच कामाची जुनी फाइल, मागितला तर त्याला २ जीबीची मर्यादा असते, रील पाडून द्या.

सोबत एक संदर्भ व्हिडिओ, त्यावर टाइमकोड छापलेला, चित्राची पहिली फ्रेम ०१:००:००:०० वर. त्याच्या बरोबर दोन सेकंद आधी, ००:५९:५८:०० वर, एक फ्रेमभर १,००० हर्ट्झचा ‘पिप’. तोच पिप एएएफमध्येही हवा. दोन्ही एकत्र वाजले तर सिंक बरोबर, हे डिझायनरला एका क्षणात कळतं. शेवटी मूळ आवाजाचा पूर्ण फोल्डर द्या. तुम्ही एडिटमध्ये मिक्स ट्रॅक वापरला असेल, पण त्यांना बूम (काठीवरचा माइक) आणि कॉलरमाइक सुटे लागतात.

आणि लघुपट २५ फ्रेमवर शूट केला असेल तर हेही ठरवून टाका. महोत्सवाने थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे डिजिटल प्रोजेक्टरवर चालणारी प्रत, मागितली, तर ती बहुतेक ठिकाणी २४ फ्रेमचीच लागते. वेग कमी करून २४ वर आणलं की तुमची १८ मिनिटं १८ मिनिटं ४५ सेकंद होतील आणि आवाज किंचित जाड होईल. मिक्सिंगच्या आधी सांगितलंत तर साउंड डिझायनर ते सांभाळून घेतील.

प्रश्न : घरी एडिटसाठी मशीन घ्यायचं आहे. पैसे कशावर आधी खर्च करू? (अन्नपूर्णा रोड)

ड्राइव्हवर. मग ३२ जीबी रॅम, मग आठ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड. प्रोग्रॅमसाठी एक एसएसडी आणि फुटेजसाठी दुसरी. एकच घेतली तर एक्स्पोर्टच्या वेळी दोन्ही कामं एकाच दारातून जातात. यूपीएस विसरू नका : पावसाळ्यात क्षणभर दिवे गेले आणि तेव्हा ड्राइव्हवर लिहिणं चालू असेल, तर अख्ख्या ड्राइव्हचा पत्ता जातो. मुंबईत बऱ्याच ठिकाणी मॅक असतात, आणि विंडोजची एनटीएफएस ड्राइव्ह त्यांवर वाचता येते, लिहिता येत नाही. बाहेर द्यायची ड्राइव्ह एक्सफॅट करा आणि ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपटू नका. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला घेऊन जाणार असाल तर एक प्रत घरी ठेवून निघा. दोन्ही प्रती एकाच बॅगेत म्हणजे एकच प्रत.

प्रश्न : ग्राहक दहा-दहा वेळा बदल सांगतात आणि पैसे अडकवतात. (राजवाड्याजवळून एक वाचक)

निम्मे पैसे आधी. बदलांच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत, तिसरीपासून वेगळे. बदल टाइमकोडसह आणि एकाच माणसाकडून लेखी यावेत. काका, जावई आणि प्रायोजक यांचे तीन निरोप घेऊ नका. पूर्ण पैसे येईपर्यंत टाइमकोड छापलेली प्रतच द्या. प्रोजेक्ट फाइल हवी असेल तर तिची किंमत सुरुवातीलाच ठरवा. कंपनीने १० टक्के टीडीएस कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, ते आयकर खात्याच्या नोंदीत दर तिमाहीला बघा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. श्रेयनामावलीतलं तुमचं पद आणि नाव याच कराराच्या कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : वय ३६, बँकेत नोकरी. उशीर झाला का? (स्नेहलतागंज)

वय आड येत नाही, नोकरीचे तास येतात. मालिकेच्या शिफ्टचा नाद सोडा. माहितीपटांच्या एडिटरांना मुलाखती टाइमकोडसह उतरवून देणारा, मराठी-हिंदी दोन्ही कान पक्के असलेला माणूस लागतो, आणि इंदुरी माणसाला तो गुण घरातच मिळतो. संध्याकाळचे दोन तास पुरतात. एक तासाची मुलाखत घ्या, दर वाक्यापुढे टाइमकोड लिहा, कामाची वाक्यं ठळक करा आणि त्या कागदावरून चार मिनिटांचा कट बांधा. मूळ तास, तो कागद आणि कट, तिन्ही एकत्र पाठवा.